दाखवायची बॅग

मी एक लाल बॅग आहे. पाठीला लावायची, दोन पट्ट्यांची, पुढे पांढऱ्या अक्षरांत 'आपत्कालीन संच' असं छापलेली. पूर येवो, भूकंप होवो, घरातल्या माणसांचे दोन-तीन दिवस निघतील एवढं सामान अशा बॅगेत असावं, अशी अपेक्षा असते. माझ्यात ते नव्हतं. मी दाखवायची बॅग होते.

कारखान्यातून माझ्या बहिणी घरोघर गेल्या. माझ्या पोटावर मात्र 'नमुना' असा शिक्का बसला आणि मी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात दाखल झाले. नमुना म्हणजे काहीतरी मोठा मान असावा, अशी माझी समजूत होती.

तिथे मी ज्यांच्या ताब्यात गेले, त्यांना सगळे आपत्तीसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पन्नाशीचे गृहस्थ, नीट भांग पाडणारे, खणखणीत आवाजाचे. वस्त्यांमध्ये, शाळांत, गिरण्यांत जाऊन घरातली तयारी कशी ठेवावी हे सांगणं, हे त्यांचं काम. आणि सांगत छान. सभागृहातला पंखा बंद पडला तरी लोक जागचे हलत नसत.

सुरुवातीला माझ्यात सगळं खरंखुरं होतं. मग भरलेल्या बाटल्या जिन्यावरून नेताना जड होतात, म्हणून त्या रिकाम्या करून झाकणं घट्ट लावली. टॉर्चमधले सेल गळतील म्हणून काढले; ते साहेबांच्या टेबलावरच्या घड्याळात गेले. बिस्किटं एका कंटाळवाण्या दुपारी कार्यालयाच्या चहाबरोबर संपली आणि पुड्यात पुठ्ठा भरून तो परत चिकटवला. औषधांची, दम्याच्या पंपाचीही मुदत उलटली, तेव्हा ती टाकून दिली, खोकी ठेवली. दर वेळी कारण अगदी पटण्यासारखं असायचं.

व्याख्यानात साहेब माझ्यातली एकेक वस्तू बाहेर काढून उंच धरत. "घरात कुणाला रोजचं औषध लागतं? हात वर करा. त्या औषधाचा एक जास्तीचा डबा या कप्प्यात गेला पाहिजे. उद्या नाही. आज घरी गेल्यावर चप्पल काढायच्या आधी."

नाल्याकाठच्या वस्तीत एकदा पुढच्याच रांगेत एक पार्लरवाली बसली होती. दुकान बंद करून आली होती, हाताला मेंदीचा नाही, केसांच्या रंगाचा डाग होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "साहेब, तुमच्या घरी आहे का अशी बॅग?"

"म्हणजे काय," साहेब म्हणाले. "त्याशिवाय तुम्हाला सांगायला येईन का?"

ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. मी रोज संध्याकाळी त्यांच्या गाडीच्या डिकीत बसून त्यांच्या घरी जात होते. त्या अर्थाने बॅग घरी होतीच.

घरात तीन माणसं. साहेब, शाळेत गणित शिकवणाऱ्या वहिनी, आणि साहेबांची आई. आईंना दमा होता. श्वास लागला की ओढायचा औषधाचा पंप त्यांच्या उशाशी असायचा. वहिनींना सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते. त्यांनी एकदा विषय काढला होता.

"आपल्यासाठी पण एक बॅग भरू या का?"

"आहे की गाडीत."

"ती दाखवायची आहे ना?"

"अगं, तशीच भरायची. या रविवारी बसू."

रविवार येत गेले. साहेब बहुतेक रविवारी व्याख्यानाला जात.

मग ते पुराचं वर्ष आलं. वरच्या धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप सकाळी चहाच्या वेळेला आला. साहेबांनी फोन कानाला लावला तो खाली ठेवलाच नाही. या वस्तीला सांग, त्या शाळेची कुलपं उघड, म्हाताऱ्यांना आधी हलव. सकाळभर ते जीव तोडून बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यावर सगळा जिल्हा हलत होता.

वहिनी दारात उभ्या होत्या. "अहो, आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसतंय."

"आपल्याकडे येत नाही," साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले. "पुराच्या नकाशात आपण पिवळ्या, कमी धोक्याच्या पट्ट्यात आहोत. लाल पट्टा नाल्यापलीकडे."

पाण्याने नकाशा पाहिला नसावा. ते फाटकातून आत आलं, पायरी चढलं आणि बैठकीच्या खोलीत शिरलं. तेव्हा मात्र साहेब उठले. आणि त्यांनी सगळ्यांत आधी काय केलं? पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते गाडीकडे गेले आणि मला घेऊन आले. मी सरकारी मालमत्ता होते आणि मला ताब्यात घेताना त्यांनी सही केली होती.

वहिनी आईंना धरून जिना चढवत होत्या. "आईंचा पंप खाली राहिलाय, उशाशी. आणू का?"

"नको, वर चल," साहेब म्हणाले. "पंप बॅगेत आहे."

हे मी माझ्या पट्ट्यांनी, चेनसकट ऐकलं. इतक्या वेळा, इतक्या सभागृहांत त्यांनी तो कप्पा उघडून दाखवला होता, की त्यात पंप आहे यावर आता त्यांचा स्वतःचाच पूर्ण विश्वास बसला होता.

गच्चीवरच्या छोट्या खोलीत आम्ही पोचलो. खाली फ्रिज तरंगत जिन्याच्या दारापाशी आला आणि आडवा अडकला. जिन्याच्या निम्म्या पायऱ्या पाण्यात गेल्या. आईंची छाती घरघरायला लागली होती. धावपळ, ओल, भीती, सगळंच एकदम.

साहेबांनी माझी चेन ओढली. औषधांचा कप्पा उघडला. पंपाचं खोकं निघालं. त्यांनी ते उघडलं, उलटं केलं, तळहातावर आपटलं. मग दुसरं खोकं उघडलं. मग बाटली काढली, ती हलवून पाहिली. टॉर्चचं बटण दोनदा दाबलं. बिस्किटांचा पुडा फाडला आणि पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

  वहिनींनी आईंना भिंतीला टेकवून पुढे वाकवून बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "हळू. नाकाने घ्या. सोडा. घाई नाही."

साहेब जिन्याकडे गेले, छातीभर पाण्यात उतरले, अडकलेल्या फ्रिजला खांदा लावला. तो हलला नाही. ते ओलेचिंब होऊन वर आले, कार्यालयात फोन लावला आणि त्या खणखणीत आवाजात पहिल्यांदाच म्हणाले, "आमच्याकडे कुणाला पाठवता का?"

अग्निशमन दलाची बोट आली तेव्हा आईंचे ओठ काळपट झाले होते. बोटीच्या पुढच्या टोकाला, अंगाला दुप्पट होणारं जॅकेट घालून, जवानांना गल्ल्या दाखवत पार्लरवाली बसली होती. व्याख्यानाच्या शेवटी स्वयंसेवकांसाठी हात वर करा म्हटल्यावर तिने खरोखरच केला होता.

"साहेब, तुम्ही?" ती म्हणाली. मग तिची नजर आईंकडे गेली आणि पुढचं बोलणं तिने गिळलं. पाठीवरची बॅग पुढे घेतली. माझीच बहीण, तसाच लाल रंग, फक्त पोट फुगलेलं. तिने न बघता नेमक्या कप्प्यात हात घातला.

"माझ्या सासऱ्यांचा आहे. जास्तीचा. डॉक्टरांना विचारूनच ठेवलाय. यांचा कुठला आहे?"

"हाच," वहिनी म्हणाल्या. "निळाच."

आईंनी पंप ओढला. थांबून पुन्हा ओढला. हळूहळू घरघर उतरत गेली आणि रंग परत आला. साहेब तोपर्यंत श्वास धरून उभे होते, जणू तो वाचवून आईला देणार होते.

"आधी यांना उतरवू," पार्लरवाली म्हणाली. "मग वहिनी, मग तुम्ही. सामानाच्या मागे लागायचं नाही. तुम्हीच सांगितलंय, साहेब." टोमणा नव्हता. तिने ते धड्यासारखं पाठ केलं होतं.

साहेब मला छातीशी धरूनच बोटीत बसले. आम्हाला निवाऱ्याच्या शाळेत नेलं. तिथे सतरंज्यांवर सगळीकडे लाल बॅगा. कुणी कोरडे मोजे काढत होतं, कुणी गोळ्या. एका पेन्शनर बाईंनी साहेबांना ओळखलं आणि दोन बिस्किटं पुढे केली. "घ्या. तुमच्यामुळेच आणून ठेवली होती." साहेबांनी ती घेतली. एक आईला दिलं, एक वहिनींना.

आई तेव्हा म्हणाल्या, "तू आरशासमोर उभा राहून भाषण पाठ करायचास ना, ते मी ऐकायचे. मला वाटायचं, यानं आपलं सगळं भरून ठेवलंय."

 साहेबांनी आईच्या पायांवरची चादर नीट केली.

पुढे जिल्ह्यात जीवितहानी झाली नाही म्हणून साहेबांचा सत्कार झाला. फोटोत मीही होते. वहिनी कार्यक्रमाला गेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना वह्या तपासायच्या होत्या. चिखलाचे डाग गेले नाहीत म्हणून कार्यालयाने मला रद्द केलं आणि नवा नमुना मागवला. साहेब मला टाकून देणार होते, पण आईंनी मागून घेतलं.

आता मी त्यांच्या पलंगाशेजारच्या खुंटीला असते. माझ्यात पंप आहे, खरा. पाणी आहे, सेल आहेत, वहिनींनी प्लॅस्टिकमध्ये बांधलेली कागदपत्रं आहेत, आणि कुठल्याही व्याख्यानात नसलेला, खेळायच्या पत्त्यांचा जोड आहे.

काल भरदुपारी धोक्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. साहेब घरी होते. ते उठले आणि सवयीने फोन शोधायला लागले. आईंनी मला खांद्याला अडकवलं, चपला घातल्या आणि दारात जाऊन म्हणाल्या, "फोन नंतर. चल."

गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत गेल्यावर साहेबांना आठवलं की भोंगा सरावाचा होता. तारीख त्यांनीच ठरवली होती. घरी सांगायचं राहून गेलं होतं.

आईंना राग आला नाही. त्या तिथल्या ओट्यावर बसल्या, मला उघडलं आणि जमलेल्या शेजाऱ्यांना बिस्किटं वाटली. सगळ्यांनी आवडीने खाल्ली. साहेबांनी दोन घेतली.

तेव्हा सध्या माझ्याकडे बिस्किटं नाहीत. आज संध्याकाळी आणू, असं साहेब म्हणालेत. तुम्ही दुकानाच्या बाजूला गेलात आणि ते भेटले, तर त्यांना आठवण करून द्या, माझं कुणी ऐकत नाही. आणि दुकानात गेलाच आहात, तर एक पुडा स्वतःसाठीही घ्या.