पाठ केलेला तक्ता

आमचं चष्म्याचं दुकान रस्त्याकडे तोंड करून होतं आणि घर त्याच्या पाठीला. मध्ये एक पडदा, बस. ह्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. आमची एकुलती एक मुलगी एका जागी टिकत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. आता ती पन्नाशीला आली. मी अजून भिंगरीच म्हणते, पण मनातल्या मनात. तोंडावर तिला चालत नाही.

ते दिवस चांगले होते. भिंग घासायच्या चाकाची घरघर सकाळपासून चालू असायची. शाळेतून आली की भिंगरी तपासणीच्या उंच खुर्चीवर पाय हलवत बसायची. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. सात वर्षांची असताना तिने तो शेवटच्या बारीक ओळीपर्यंत पाठ केला होता. डोळे घट्ट मिटून म्हणून दाखवायची आणि गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. हे हसत नसत. तिचा डावा डोळा जन्मापासून मंद होता, आणि त्यावर चष्मा काही करू शकत नव्हता.

बावीस वर्षांची असताना ती पावाच्या कारखान्याची गाडी चालवायची. एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तर ती आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सैन्यात निवड झाली माझी. मालाचे आणि माणसांचे ट्रक चालवायचे. पंधरा दिवसांनी हजर व्हायचंय."

त्या वर्षी सीमेवर वातावरण तापलेलं होतं. रोज पेपरात तुकड्या निघाल्याच्या बातम्या.

"कुणाला विचारून अर्ज केलास?" मी म्हणाले.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"तोंड वर करून बोलू नकोस."

"बसून बोलू का मग?" ती बसली आणि माझ्या ताटातली चपाती ओढून घेतली. "सहा महिने शिकवतात. मग पाठवतील कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे? नाव घे की. डोंगरात. जिथून पोरं पेटीतून येतात तिथे."

"आई, तू आधीच रडून घे. म्हणजे निघताना वेळ वाचेल."

हे इतका वेळ जेवत होते. आता ताट बाजूला सारलं. "डोळे तपासले त्यांनी?"

"तपासले."

"काय आलं?"

"दोन्ही सिक्स बाय सिक्स." ती चपाती खात राहिली, पण कान लाल झाले.

हे उठले. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जाड-बारीक ब्रशने अक्षरं काढली, उलटसुलट क्रमाने. दुकानाचं दार आतून लावलं. भिंतीवरच्या तक्त्यावर ते कॅलेंडर टांगलं.

"बस खुर्चीवर."

"मी गिऱ्हाईक नाहीये, बाबा."

"बस म्हणतो ना."

ती बसली. त्यांनी तिच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला. पहिलं मोठं अक्षर तिने सांगितलं. दुसऱ्या ओळीत एक चुकलं. तिसऱ्या ओळीला ती थांबली.

"सांग पुढचं."

"दिसत नाही."

"तिथे कसं दिसलं?"

"तिथेही हाच तक्ता होता. सगळीकडे हाच असतो. तुम्हीच तर सांगायचात."

"घाटातलं वळण पाठ करशील का?" ह्यांचा आवाज चढला. "समोरचा ट्रक किती लांब आहे हे कळायला दोन्ही डोळे लागतात. तुझ्या मागे वीस पोरं बसणार!"

"चार वर्षं गाडी चालवतेय. एक ओरखडा दाखवा!"

"पाव घेऊन जातेस! सपाट रस्त्यावर!"

"तुम्हाला मी आयुष्यभर ह्या खुर्चीवरच हवी आहे," ती म्हणाली. "पाय हलवत."

ह्यांनी मला हाक मारली. "कागद आण. भरती कार्यालयाला कळवायचं आहे. पुन्हा तपासा म्हणावं, वेगळ्या तक्त्यावर."

ह्यांचं अक्षर मुंग्या शाईत पाय बुडवून फिरल्यासारखं. दुकानातली सगळी कार्डं मीच लिहायचे.

"आई, तू लिहिणार?" भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळेपर्यंत घरात माझ्याशी भांडायची ती, पण भरवसा माझ्यावरच ठेवायची.

मी कागद घेतला. हे सांगत गेले, मी लिहीत गेले. डोळा, तक्ता, वीस पोरं, सगळं. ती खुर्चीतून हलली नाही. शेवटी म्हणाली, "पत्ता नीट लिही हं. नाहीतर मेहनत फुकट जायची." मी पत्ताही नीट लिहिला. हे स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

आठव्या दिवशी तिला पुन्हा तपासणीला बोलावलं आणि वेगळ्या तक्त्यावर नापास केलं. संध्याकाळी परतली ती थेट आपली बॅग भरायला. हे दुकानात, चाकापाशी. चाक बंद केलं नाही त्यांनी. मी दारात उभी राहिले, अक्षरशः वाट अडवून.

"कुठे निघालीस?"

"तू पत्र लिहू शकणार नाहीस अशा ठिकाणी."

"बाबांवर चिड की. मी फक्त सांगितलं ते लिहिलं."

"बाबांचं मला कळतं. त्यांना ती वीस पोरं दिसली. तुला दिसली का? खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर कदाचित ती थोडी निवळलीही असती.

"नाही," मी म्हणाले. "मला फक्त तू दिसलीस. दोन्ही डोळे शाबूत असते, तरी मी काहीतरी शोधून लिहिलंच असतं."

"वाटलंच मला." तिने माझा हात दारावरून काढला. जोर लावून नाही, सामान बाजूला करावं तसा. "बाबांनी निदान दुसऱ्यांच्या पोरांचा विचार केला."

दुसऱ्या शहरात तिने नोकरी धरली, संसार केला. बापलेकीचं दोन वर्षांत जमलं. ते फोनवर तासन्‌तास बोलत, भिंगांबद्दल, गाड्यांबद्दल. मी फोन घेतला की ती विचारायची, "बाबा आहेत?"

अजूनही वर्षातून दोनदा येते. माझी औषधं बघते, डॉक्टरशी बोलते, बिछान्याची चादर बदलते. मागच्या खेपेला तिच्या मुलाने विचारलं, आजी, आई सैन्यात का नाही गेली? ती माझ्याकडे बघत म्हणाली, "सांग ना त्याला."

मी सांगितलं. जसं झालं तसं, माझा वाटा न लपवता. ती चादरीची घडी घालत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "ते पत्र पुन्हा लिहिशील?"

"आत्ता कागद दे," मी म्हणाले.

तिने चादर उचलली आणि ती दुसऱ्या खोलीत निघून गेली.