साडेबासष्टची रेघ

खोक्यात सतरा वस्तू होत्या. धाकटीने त्या एकेक करून दुकानातल्या बाकावर मांडल्या. डाव्या हेडलाइटच्या काचेचे सहा तुकडे, उजव्याचे चार. एक चेपलेला रिफ्लेक्टर आणि दुसऱ्याचा अर्धा भाग. दोन होल्डर. एक अख्खा बल्ब आणि एकाचं नुसतं बूड. फोकस वरखाली करायचा एक स्क्रू, तोही मधोमध मोडलेला.

"प्रत्येक दिव्याला दोन स्क्रू असतात," ती म्हणाली. "एक वरखाली करायचा, एक डावीउजवीकडे. म्हणजे चार हवेत."

"तीन सापडले नाहीत," इन्स्पेक्टर म्हणाले. ते वाहन तपासणीच्या कार्यालयातले होते आणि यादी पुरी झाल्याशिवाय चहालाही हात लावत नसत. "दिवे चालू होते का, एवढं सांगा."

तिने अख्खा बल्ब उजेडात धरला. "चालू होते. आतली तार बघा, ताणल्यासारखी लांबलीय. बंद बल्बला धक्का बसला तर गार तार कट्कन तुटते. चालू असला तर ती तापून मऊ झालेली असते, म्हणून अशी लोंबते."

"आणि उजेड पडत कुठे होता?"

"ते आता कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. ज्यावर फोकस धरलेला असतो तो स्क्रूच मोडलाय. पण मी जबाबात लिहून दिलंय ना साहेब. अपघाताच्या तीन आठवडे आधी या व्हॅनचा फोकस मीच सेट केला होता. अगदी रेघेवर."

इन्स्पेक्टरांनी मान डोलावली, चहा घेतला आणि वहीच्या मागच्या पानावर तिला हिशेब दाखवला. गाडी वर्तमानपत्रांची व्हॅन. गठ्ठे टाकून परत येत होती, रिकामी, ताशी साठच्या वेगाने, उजाडायच्या आधी. रस्त्याच्या कडेला एक ट्रॉली उभी होती. ब्रेकच्या खुणा ट्रॉलीच्या अलीकडे बावीस मीटरवर सुरू होतात. समोरचं दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला माणसाला एक सेकंद लागतो, आणि तेवढ्यात गाडी सतरा मीटर जाते.

"म्हणजे ड्रायव्हरला ट्रॉली दिसली एकोणचाळीस मीटरवर. ट्रॉलीच्या मागे अगदी खालपर्यंत चमकणाऱ्या पट्ट्या होत्या. तुमचा दिवा डिपरवरसुद्धा सत्तर मीटर दाखवतो. मग मधले एकतीस मीटर हा माणूस कुठे होता?"

धाकटी काचेचे तुकडे पुन्हा खोक्यात भरू लागली. हा माणूस म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजी गेले आठ दिवस इस्पितळात होते, उजवा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडलेला. कंपनीचं म्हणणं, त्याला डुलकी लागली. शुक्रवारी सुनावणी होती. डुलकी ठरली की लायसन्स जाणार, वर हलगर्जीपणाचा गुन्हा. भाऊजींना बावीस वर्षांत स्टिअरिंग धरण्याशिवाय दुसरं काही आलेलं नव्हतं. घरात खिळा ठोकायचा तरी ताईलाच स्टुलावर चढावं लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बसवाला आला. इंजिन बंद करायच्या आधीच ओरडला, "फोकसताई, काय सेटिंग करून ठेवलंय? मला माझाच बंपर दिसतो नुसता!"

"डिपरवर चालवत असाल. अप्परवर टाका."

"तीस वर्षं बस चालवतोय, आता मला अप्पर-डिपर शिकवा तुम्ही! समोरून गाडी आली की डिपर मारावाच लागतो की नाही? मारला की पुढे सगळी अमावस्या."

"चष्म्याचा नंबर काढा काका."

"काढला मागच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाला, नजर घारीची आहे."

त्याला गप्प करायला म्हणून तिने बस आत घ्यायला लावली. दुकानातली पद्धत बाबांच्या काळापासूनची होती. गाडीची पुढची चाकं जमिनीवरच्या पट्टीला टेकवायची. तिथून दिव्यापासून समोरची भिंत बरोबर साडेसात मीटर. शटर ओढून अंधार करायचा. डिपरच्या उजेडाला वर एक सरळ कड असते, कडेच्या वर अंधार आणि खाली उजेड. स्क्रू फिरवून ती कड भिंतीवरच्या रेघेवर आणून ठेवायची. व्हॅनला पिवळी रेघ, बसला तांबडी, जीपला निळी. कड दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतरायला हवी. जास्त उतरली तर स्वतःला दिसत नाही, कमी उतरली तर समोरच्याचे डोळे दिपतात. बाबांनी हा हिशेब प्रत्येक गाडीसाठी एकदाच केला, भिंतीवर रेघ मारली आणि रेघेच्या टोकाला जमिनीपासूनची उंची लिहून ठेवली. नंतर कुणी टेप लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

शटर खाली आलं. बसच्या उजेडाची कड तांबड्या रेघेवर चपखल बसली होती, केसाचाही फरक नाही.

"बघा," ती म्हणाली. "रेघेवर आहे."

"रेघेवर असेल. रस्त्यावर नाही," बसवाला म्हणाला.

तो कंटाळून बाहेर विडी ओढायला गेला. धाकटी भिंतीपाशी उभी राहिली. बसच्या उजेडात पिवळ्या रेघेच्या टोकाचा बाबांच्या अक्षरातला आकडा स्वच्छ दिसत होता. ६२.५. तिने खिशातला टेप काढला तो नुसता हाताला चाळा म्हणून. टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि पट्टी वर ओढली.

छपन्न पूर्णांक चार.

तिने टेप सोडला, पुन्हा लावला. पलीकडच्या टोकाला लावला. मग तांबडी रेघ मोजली, मग निळी. तिन्ही रेघा लिहिलेल्या आकड्यापेक्षा सहा सेंटिमीटर एक मिलिमीटर खाली होत्या.

रेघा हलल्या नव्हत्या. जमीन वर आली होती. दोन महिन्यांपूर्वी तिनेच दुकानात नवा कोबा घालून घेतला होता, कारण गटार तुंबलं की पाणी आत यायचं. बाबा नको म्हणत होते, तिने हट्टाने केलं. भिंतीला चुना लावताना रंगारी रेघा पुसून टाकेल, म्हणून तिने रात्रभर खपून तिन्ही रेघांवर चिकटपट्ट्या लावल्या. "एक सूतसुद्धा इकडचं तिकडे होता कामा नये," असं तिने रंगाऱ्याला दहा वेळा बजावलं होतं. तोही बिचारा वैतागून म्हणाला होता, "बाई, रेघा आहेत की देव आहेत?"

तिने बाकावर बसून आकडे मांडले. व्हॅनचा दिवा जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरवर. साडेसात मीटरमध्ये उजेड साडेसात सेंटिमीटर उतरायला हवा होता. तिने तो साडेतेरापेक्षा जास्त उतरवून ठेवला होता. उत्तराखाली तिने रेघ ओढली नाही. कागद घडी करून खिशात टाकला आणि रजिस्टर उघडलं. कोबा झाल्यापासून फोकससाठी एक्केचाळीस गाड्या येऊन गेल्या होत्या.

बाबा दुकानाच्या मागच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत बसलेले असत. हल्ली तेवढंच त्यांना जमे.

"रेघ चुकत नसते," ते मान वर न करता म्हणाले. "मी पाणसळ लावून मारलीय."

"रेघ जागेवरच आहे बाबा. जमीन वर आलीय."

त्यांनी हातातली सोल्डर करायची सळई खाली ठेवली. मग म्हणाले, "कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"बोलू नकोस. फोकसचा दाखला द्यायचा परवाना काढून घेतील. दुकान बंद होईल. आणि बोलून काय, त्याचा पाय जुळून येणार आहे का?"

"लायसन्स तरी राहील."

"तुझं ऐकतील तेव्हा ना," बाबा म्हणाले आणि सळई उचलून पुन्हा रेडिओत डोकं घातलं. सळईचं टोक कुठेच टेकत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तिने एकोणीस गाडीवाल्यांना फोन लावले. सात जणांनी उचललाच नाही. एकजण म्हणाला, "हो हो, येतो पुढच्या महिन्यात." एकजण हसला, "आता बोलावून परत धंदा काढताय का?" तिने प्रत्येकाला सांगितलं, तोवर अंधारात गाडी हळू चालवा. सांगताना तिलाच ते पोकळ वाटत होतं.

मग ती इस्पितळात गेली. भाऊजींच्या पायाला वजन टांगलेलं होतं. ताई सफरचंद चिरत होती. भाऊजी छताकडे बघत म्हणाले, "ये. काय म्हणतात तुझे साहेब?"

"शुक्रवारी आहे."

"मीही आता मनाशी कबूल केलंय गं. डुलकीच लागली असणार. मला वाटत होतं मी जागा होतो. उजेड एकदम संपल्यासारखा आणि ट्रॉली एकदम अंगावर आल्यासारखी. पण तू फोकस लावलास म्हणजे दिसायलाच हवी होती. माणसाला स्वतःची झोप कळत नाही म्हणतात."

"नऊ दिवस हेच सांगतेय मी," ताई म्हणाली. "आता कुठे डोक्यात शिरलं यांच्या."

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "तुम्ही झोपला नव्हता. माझी रेघ चुकली." आणि तिने कोब्यापासून सगळं सांगितलं, आकड्यांसकट, कारण आकडे सोडून तिला दुसरं काही बोलता येईना.

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. ताईने सुरी ताटलीत ठेवली.

"तुझ्या शब्दावर मी यांना नऊ दिवस खोटारडं म्हटलं," ती हळूच म्हणाली. "दोन्ही पोरांसमोर म्हटलं."

"तिला बोलू नकोस," भाऊजी म्हणाले.

"मग कुणाला बोलू? कोब्याला?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा कान टवकारून ऐकत होते. ताईने मध्ये पडदा ओढला.

बुधवारी सकाळी धाकटी इन्स्पेक्टरांच्या टेबलासमोर उभी होती. त्यांनी तिचा कागद दोनदा वाचला.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे मी लावून धरू शकत नाही. तुमचा पहिला जबाब आहे, दिवे बरोबर होते. आता सुनावणीच्या दोन दिवस आधी म्हणता, चूक होते. कंपनीचा वकील म्हणेल, मेहुणीच ती, भाऊजींना वाचवायला बोलणारच."

"पहिला जबाब दिला तेव्हाही मी मेहुणीच होते साहेब."

"तेव्हा तुम्ही त्यांच्याविरुद्ध बोलत होता. तेव्हा विश्वास ठेवायला सोपं होतं."

"दुकानात चला, टेप लावून बघा."

"बघतो की. पण वकील म्हणेल, कोबा काल घातला. दिवे फुटलेत, स्क्रू मोडलाय. त्या गाडीचा उजेड कुठे पडत होता, हे आता जगात कुणालाच मोजता येणार नाही."

धाकटी खुर्चीत बसली. काही दिवसांपूर्वी ती एका शब्दात खरी ठरली होती, आता रजिस्टर, टेप आणि भिंत पुढे करूनही खरी ठरत नव्हती. तिने रजिस्टर उगाच चाळलं, मागचं पान, पुढचं पान, आणि एका नोंदीवर बोट ठेवून थांबली. त्याच कंपनीची दुसरी व्हॅन. त्याच मॉडेलची. भाऊजींच्या गाडीनंतर दोन दिवसांनी, त्याच पिवळ्या रेघेवर. दाखल्यावर तारीख होती आणि कंपनीच्या शिक्क्याची पोच होती.

"या गाडीला त्यानंतर कुणी हात लावलेला नाही," ती म्हणाली. "मी फोन केला होता. अजून आणलेली नाही."

इन्स्पेक्टरांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवून घेतलं. "हिचे स्क्रू मी येईपर्यंत तुम्ही बघायचेसुद्धा नाहीत," ते म्हणाले.

गुरुवारी दिवस मावळल्यावर व्हॅन तपासणीच्या मैदानात उभी राहिली. मैदान सपाट होतं, इन्स्पेक्टरांनी आधी तेही मोजून घेतलं. चाकांतली हवा तपासली, गाडी रिकामी असल्याचं लिहिलं, दिव्याची उंची मोजली. सत्तर सेंटिमीटर. व्हॅनचा ड्रायव्हर जांभया देत होता.

"मला तर काही कमी दिसत नाही," तो म्हणाला. "उगाच वेळ घालवताय."

"तू गावातच फिरतोस, दर वीस पावलांवर दिव्याचा खांब," धाकटीबरोबर आलेली ताई म्हणाली. "तुला दिवे नसते तरी दिसलं असतं."

इन्स्पेक्टरांनी धाकटीला गाडीपासून लांब, कुंपणापाशी उभं राहायला सांगितलं, आणि पांढरा रंग दिलेली एक फळी ताईच्या हातात दिली. फळी जमिनीला टेकवून धरायची, पाऊल पाऊल मागे जायचं, फळीच्या बुडाशीही उजेड उरला नाही की थांबायचं.

"मीही नात्यातलीच आहे," ताई म्हणाली.

"फळी नात्यातली नाही. आणि मी टेप धरून शेजारून चालणार आहे."

डिपर लागला. फळी सुरुवातीला जवळजवळ वरपर्यंत पांढरीशुभ्र दिसत होती. ताई एकेक पाऊल मागे गेली तशी उजेडाची कड फळीवरून खाली उतरत आली. अर्ध्यावर आली, वितीवर आली. ताईचा चेहरा कधीच अंधारात गेला होता, नुसती पावलं दिसत होती. कुंपणापाशी धाकटीने दोन्ही हातांनी तार धरून ठेवली. मोठ्याने काही विचारायची तिला मनाई होती. फळीवरचा उजेड चार बोटांएवढा उरला, मग दोन, मग एक पांढरी दोरी ओढल्यासारखा, आणि मग तीही गेली.

"थांबा," इन्स्पेक्टर म्हणाले. ते खाली वाकले, टेपवर टॉर्च धरला आणि आकडा आधी वहीच्या मागच्या पानावर, जुन्या एकोणचाळीसच्या खाली लिहिला, मग वाचला.

"अडतीस मीटर, साठ सेंटिमीटर."