काळी भुकटी झाडणारा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. तीन बोटे रुंद, लाकडी मूठ आणि मऊ पांढरे केस. आता ते केस पार काळे झाले आहेत आणि मी एका काचेच्या बरणीत बंद आहे. बरणीचे झाकण कायमचे चिकटवून टाकले आहे. मला बाहेर काढायची कोणालाही परवानगी नाही. असे का झाले, ते सांगतो.

माझी भावंडे दारे-खिडक्या रंगवायला गेली. मी मात्र एका प्रयोगशाळेत आलो. तिथे एक आडवी भट्टी होती आणि तिच्या पोटात लांब काचेची नळी. नळीत लोखंडाचे अतिशय बारीक कण ठेवायचे, भट्टी तापवायची आणि वायू सोडायचा. वायूतला कार्बन त्या कणांवर जमायचा आणि धाग्यासारखा वाढत जायचा. भट्टी निवली की नळीत काळी, हलकी भुकटी मिळे. दिसायला ती काजळीसारखीच, पण होत्या त्या कार्बनच्या नळ्या. खुराड्याला षटकोनी भोकांची जाळी असते ना, तशी अणूंची जाळी गुंडाळून केलेल्या. तुमच्या एका केसाच्या जाडीत अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी मावतील. तेवढ्याच वजनाच्या पोलादापेक्षा त्या कितीतरी मजबूत, आणि त्यांच्यातून वीज सहज वाहते.

भट्टी सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे भट्टीमास्तर म्हणत. ते मला नळीत घालून भुकटी हळूच बशीत ओढत. माझ्यामुळे कणही वाया जात नाही, असे ते कौतुकाने सांगत. ही भुकटी बॅटऱ्यांत जाते, पवनचक्कीच्या पात्यांत मिसळली की पाती हलकी आणि दणकट होतात, हे मी ऐकले होते. मला फार अभिमान वाटे.

भट्टीशेजारी हवा ओढून घेणारे एक काचेचे कपाट होते. बशी त्यात ठेवून, पंखा लावूनच भुकटी झाडायची, असा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा नियम होता. पण पंखा लावला की हलका माल हवेबरोबर निघून जाई. भट्टीमास्तर हळहळत. एके दिवशी त्यांनी पंखा पाच मिनिटे बंद केला. बशी भरलेली पाहून त्यांना बरे वाटले. पुढे ती सवयच झाली. मी फिरलो की काळा धूर उठायचा आणि क्षणात दिसेनासा व्हायचा. तो कुठे जातो, याचा विचार त्यांनी केला नाही. मीही केला नाही.

तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जात होता. तिथे साफसफाई करणाऱ्या ताई दुपारी डबा खात. त्या भट्टीमास्तरांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यावर भावानेच त्यांना ही नोकरी मिळवून दिली होती. खिडकीच्या कठड्यावर रोज काळा थर दिसतो, असे त्यांनी भावाला सांगितले. काजळी असेल, पुसून टाक, असे म्हणून तो हसला. त्या ओल्या फडक्याने पुसत राहिल्या. अशी चार वर्षे गेली. चौथ्या वर्षी भिंतीपलीकडून मला त्यांचा कोरडा खोकला ऐकू येऊ लागला.

एका सकाळी ताई ते फडके घेऊन थेट बाईंपुढे उभ्या राहिल्या.

“या खोलीत ना चूल, ना धूर. मग हे काळं येतं कुठून?”

बाईंनी कठड्यावर चिकटपट्टी दाबली आणि तिच्यावर आलेले काळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पडद्यावर गुंतलेल्या धाग्यांचे जाळे उमटले, आमच्या बशीतल्या भुकटीसारखेच हुबेहूब. बाईंनी सगळ्यांना बोलावून विचारले. भट्टीमास्तरांनी मला टेबलावर ठेवले.

“पंखा मी बंद ठेवत होतो,” ते म्हणाले. “आणि ताईला काजळी आहे म्हणून मीच सांगितलं.”

ताईंनी भावाकडे पाहिले आणि त्या खुर्चीवर बसल्या. मग बाईंनी समजावून सांगितले. ही भुकटी प्लॅस्टिकमध्ये पक्की बसली की सहसा उडत नाही. मात्र ते प्लॅस्टिक कापले, घासले तर जपायला हवे. खरी भीती सुट्या भुकटीची. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही लांब, ताठ नळ्या फुफ्फुसात रुतून बसल्या आणि तिथे सूज आली. अशा नळ्यांच्या एका जातीमुळे तर कर्करोग होऊ शकतो, असा संशय आहे. माणसांबद्दल अजून पुरेसे कळलेले नाही. म्हणून ती घातक आहे असे धरूनच वागायचे.

त्यानंतर सगळे बदलले. पंखा बंद करायचे बटणच काढून टाकले. भुकटी हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत हाताळू लागले, नाहीतर द्रवात कालवून. खास मास्क आले, अतिबारीक गाळणीचे धूळ ओढणारे यंत्र आले, आणि कोरडे झाडणे कायमचे थांबले. मला घातक कचऱ्यात टाकणार होते, पण नव्या माणसांना दाखवायला बाईंनी ठेवून घेतले.

ताईंच्या छातीचा फोटो स्वच्छ आला. खोकल्याचा भुकटीशी संबंध आहे की नाही, हे डॉक्टरांना सांगता आले नाही. दरवर्षी तपासणीला या, एवढेच ते म्हणाले. मित्रांनो, ते ‘सांगता येत नाही’ माझ्याबरोबर या बरणीत राहते. माझ्या केसांत अडकलेल्या नळ्या सहजी कुजत नाहीत. माझ्या एकेका फटकाऱ्याने किती उडाल्या, कोणाच्या श्वासात गेल्या, हे मी मोजत बसतो आणि हिशेब कधीच लागत नाही. प्रयोगशाळा शांत असली की मला खोकला ऐकू येतो. ताई त्या दिवशी रजेवर असल्या तरीही.

भाऊ-बहीण दोघेही दरवर्षी तपासणीला जातात. यंदा परत आल्यावर ती दोघे माझ्या बरणीसमोर थांबली. “ताई, तुला माझा राग येत नाही का?” भट्टीमास्तरांनी खालच्या आवाजात विचारले.

“येतो,” ताई म्हणाल्या. “म्हणून तर दरवर्षी तुला सोबत नेते. दवाखान्याच्या त्या बाकावर एकटीनं का बसू?”

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर बनवा. त्या खूप उपयोगाच्या आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. पण तुमच्या शेजारचे कोणी येऊन ‘हे काय आहे?’ असे विचारेल, तेव्हा हसून काहीतरी नाव देऊन त्याला परत पाठवू नका. ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही’ एवढे म्हणा, आणि लगेच बघायला उठा.