काज-बटणाच्या टेबलावरची नवी

कामाला लागण्याआधीच तिने शिंपीमास्तरांना सांगून टाकलं, "मला फिट येतात."

मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "इथे लोक कपडे फिट येत नाहीत म्हणून येतात. तुला येतात तर बरंच की."

ती हसली नाही. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. "बस. नीट सांग."

मेंदूत सतत विजेसारखे बारीक संदेश फिरत असतात, ती म्हणाली; तिच्या डोक्यात कधीकधी ते सगळे एकदम उसळतात. शुद्ध जाते, हातापायांना झटके येतात, मग आपोआप थांबतं. रोज दोन गोळ्या घेते, तरी वर्षातून एखादवेळी फिट येतेच. आधीच्या दोन दुकानांत तिने हे लपवलं होतं, आणि फिट आल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून नारळ मिळाला होता.

"आली तर आम्ही काय करायचं?" इस्त्रीवाल्या काकांनी विचारलं.

"फारसं काही नाही. कात्री-सुया दूर करायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी घालायचं, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवायची."

"आणि नाकाला कांदा?" तुरपाई करणाऱ्या मावशींनी विचारलं.

"कांदा जेवताना."

मावशींना ती तिथेच आवडली.

पाच महिने काहीच झालं नाही. तिची काजं इतकी सुबक की मास्तर ती गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवत. जुनी झाली तरी सगळे तिला 'नवी'च म्हणत.

मग एका हॉटेलच्या साठ कोटांचं काम आलं. तीन दिवस सगळेच उशिरापर्यंत बसले. चौथ्या दिवशी दुपारी एक वकील अर्धवट शिवलेला कोट घालून आरशासमोर उभे होते. नवी मावशींना काहीतरी सांगत होती. वाक्य मध्येच तुटलं, आणि ती स्टुलावरून खाली कोसळली.

वकीलसाहेबांनी पायातला बूट काढला. "हुंगवा, लगेच शुद्धीवर येते."

"बूट पायात घाला आणि हलू नका, टाचण्या टोचतील," मावशी म्हणाल्या. त्यांनी कात्री ढकलली, अस्तराची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली. काकांनी इस्त्री बंद केली आणि घड्याळाकडे बघत मोठ्याने वेळ सांगू लागले. कुणापुढे न वाकणारे मास्तर गुडघ्यांवर बसून तिला कुशीवर वळवत होते आणि त्यांचे हात कापत होते.

"दोन मिनिटं, दहा सेकंद," काका म्हणाले. झटके थांबले होते.

तिचा परकर ओला झाला होता. मावशींनी कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यावर कापड पसरलं.

ती हळूहळू भानावर आली. मग म्हणाली, "उद्यापासून येऊ नको ना?"

मास्तर फरशीवरच बसले होते. "तीन दिवस झोपलीस किती?"

"चार-चार तास."

"सकाळची गोळी?"

"घाईत राहिली."

"म्हणजे अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. कोट उशिरा गेले म्हणून हॉटेलातली माणसं उघडी फिरणार नाहीत. आजपासून सहाला तू घरी."

त्यांनी तिच्यादेखतच हॉटेलला फोन करून आठवडा वाढवून घेतला. संध्याकाळी तिचा भाऊ तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. दोन दिवसांनी ती कामावर आली.

पुढच्या आठवड्यात वकील कोट न्यायला आले. थोडे घुटमळत त्यांनी विचारलं, "त्या वेळी आत काय होतं हो?"

"पुस्तकातलं एक पान फाटल्यासारखं," नवी म्हणाली. "मागचं आठवतं, पुढचं आठवतं. मधलं पान तुम्ही वाचलंत, मी नाही. तुम्हीच सांगा."

वकिलांनी सांगितलं, तर काकांनी वेळ दुरुस्त केली. मावशींनी दोघांनाही खोटं पाडलं. मास्तर म्हणाले, हात कापत नव्हते, थंडी होती. नवी पोट धरून हसली.

याला दीड वर्ष झालं. मध्ये एकदाच फिट आली, तीही सुट्टीच्या दिवशी, घरी. दुसऱ्या दिवशी तिने येऊन आपणहून सांगितलं.

"किती मिनिटं?" काकांनी विचारलं.

"आई म्हणाली, दीड."

"सुधारणा आहे," काका म्हणाले आणि पुढचा कोट इस्त्रीवर घेतला.