दुर्गाबाईची तपासणी

१९९३ साल, पोळ्यानंतरचा सोमवार. अंबडला शिलाई कामगार संघटनेची बैठक चालू होती आणि चिटणीस रामकिसन ठराव वाचत होता. तेवढ्यात वडीगोद्रीहून त्याचा धाकटा भाऊ कचरू आला.

"दादा, घरी चला. वहिनी मशीनवरच गेली."

वडीगोद्रीत ठेकेदार कापलेलं कापड घरोघर टाकायचा. शाळेचे गणवेश शिवायच्या बायका, कामगाराचं कार्ड मात्र नवऱ्याच्या नावाचं. बाईचं नाव बाहेरच्या कागदावर घालायची रीत नव्हती. रामकिसनला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तरी संघटनेत तो शिलाई कामगार होता. सगळे सभासद तसेच.

संघटना सात वर्षांची. तिनं दोन संप केले. संप म्हणजे बायकांनी मशीन थांबवायची आणि पुरुषांनी घोषणा द्यायच्या. त्यातून एक मोठी गोष्ट मिळाली. कापडाची धूळ छातीत बसते, म्हणून कार्डवाल्यांची जालन्याला फुकट तपासणी. त्यासाठी रामकिसनच सगळ्यांत जास्त भांडला होता.

तपासणीला पुरुष गेले. रामकिसनची बायको दुर्गाबाई तेव्हा चार महिन्यांपासून खोकत होती. रामकिसन परत आला आणि छातीचा फोटो कसा काढतात ते तिला कौतुकानं सांगू लागला. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे.

"साफ निघनारच," ती म्हणाली. "तुमी कवा बसले मशीनवर? आता माझी कोन पाहील?"

"कार्डावर तुझं नाव न्हाई ना."

त्याला ते उत्तर तेव्हा बरोबर वाटलं. ती पुन्हा शिवायला बसली आणि पुढं आठ महिने बसली.

दहावं झालं. दुपारी तो एकटाच जेवायला बसायचा आणि शेजारच्या नंदाबाईचं मशीन ऐकू यायचं. मध्येच थांबायचं, खोकला यायचा, परत सुरू व्हायचं. रामकिसनचा घास हातातच राहायचा. आपल्याच घरात कोणी बसलंय असं वाटून तो उठून बघायचा. मशीनवर अर्धी शिवलेली बाही तशीच होती.

पुढच्या बैठकीत त्यानं सांगितलं, बायकांची नावं सभासदांत घ्या. अध्यक्ष काकासाहेब हसले.

"चिटणीस, बायका जालन्याला गेल्यावर चूल तुमी फुकता काय?"

बाकीचेही हसले. रामकिसन उभाच राहिला.

"दुर्गा शिवत होती. मी कधी एक बटन लावलं न्हाई. तिच्या जागी माझी छाती तपासली. माझं नाव काढा, मी कामगार न्हाई. मंग तुमचीबी काढा."

त्याचं नाव त्याच दिवशी काढलं. बायकांचं एकही लिहिलं नाही. वडीगोद्रीत आज बावीस बायका गणवेश शिवतात. त्यांतल्या एकीचीही छाती अजून तपासलेली नाही.