कडेचे खळगे

औषधाचा थेंबही न घातलेल्या पेशी मेल्या होत्या. धाकटीने चष्मा पुसून पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. चित्र काही बदललं नाही.

प्रयोगशाळेत नवनवे रेणू बनवायचे आणि कर्करोगाच्या पेशींवर घालून बघायचे, हे तिचं काम. बहुतेक रेणूंना पेशी दाद देत नसत. गेल्या आठवड्यात मात्र एकाने सगळ्यांचा फडशा पाडला आणि तिला आकाश ठेंगणं झालं. घाईघाईत तिने तो पेशी वाढवायच्या प्लेटच्या कडेच्या खळग्यांत घातला होता. कडेचं पाणी उडतं, उरलेलं खारट होतं आणि पेशी त्यानेच मरतात. नवशिक्याला पहिल्या महिन्यात शिकवतात हे. आज कडेच्या पेशी औषधाविनाच मेल्या होत्या, आणि मधल्या खळग्यांत तोच रेणू पिऊन पेशी मजेत वाढल्या होत्या.

"होतं असं. पुढचा रेणू घ्या," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. पण गेल्या आठवड्यात पेशी मेल्या त्याच दिवशी धाकटीने ताईला फोन केला होता, आणि ताईने सोमवारची केमो बुडवली होती. "तुझं औषध येतंय ना? मग त्या ओकाऱ्या कशाला?"

धाकटी तडक ताईकडे गेली. डोक्याला रुमाल बांधून ताई मटार सोलत बसली होती.

"ताई, माझं चुकलं. ते औषध नाहीये."

"म्हणजे कमी पडतंय?"

"काहीच करत नाही. पेशी खारट पाण्याने मेल्या, मला वाटलं औषधाने. आणि खरं निघालं असतं तरी माणसाला द्यायला वर्षानुवर्षं लागतात. तेही मी बोलले नाही."

ताई मटार सोलत राहिली. तिने आपल्याला घराबाहेर काढलं तरी चालेल, पण दवाखान्यात यावं, एवढंच धाकटीला वाटत होतं.

"लहानपणापासून तुला दम म्हणून नाही," ताई अखेर म्हणाली. "मी सगळ्या शेजारणींना सांगून बसले ना."

"दवाखान्यात चल. आज घेतील, मी विचारलंय."

"आणि तू काय करणार?"

"उद्या पुढचा रेणू लावणार. मधल्या खळग्यांत."

ताईने मटारांचं ताट बाजूला सारलं. "चप्पल दे माझी."

दवाखान्यात नर्सला शीर सापडेना. दोनदा टोचून झालं, तशी धाकटीने मान फिरवली. ताईने बाही वर सारली आणि दुसरा हात पुढे केला.