चार लिंबे आणि तीन मैल

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगते, कारण त्या बाबतीत मी जरा तापट आहे. माझा जन्म १९६६ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात झाला. लांबी चांगली अठरा फूट, रंग मोरपिशी, आणि बंपर असा लखलखीत की त्यात बघून भांग पाडावा. स्टेअरिंग अर्थातच डावीकडे.

उमेदीची वर्षे मी ओहायोतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे काढली. पुढे अमेरिकेत राहिलेला एक आयरिश सुतार मायदेशी परतताना मला जहाजातून लिमरिकला घेऊन आला. तिथे मी नवरीमुलींना चर्चला पोहोचवायचे काम केले. पावसात भिजले, चिखल अंगावर घेतला, एकदा तर एका करवलीने माझ्या मागच्या सीटवर अख्खा केक सांडला. रस्त्यावरचे लोक थांबून माझे फोटो काढत. खरे सांगते, मला ते फार आवडायचे.

२०१४ मध्ये सुतार थकले आणि त्यांनी मला विकायला काढले. तेव्हा उपेंद्र मला बघायला आला. मूळचा नागपूरचा, आता डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला सॉफ्टवेअर इंजिनिअर. लहानपणी त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर माझ्यासारख्या गाडीचे चित्र होते म्हणे. त्याने माझ्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की मला वाटले, हा मला आयर्लंडभर फिरवणार.

कुठले काय. लिमरिकहून त्याने मला नेले तेच मुळी ट्रेलरवर चढवून. नंतर तो इंटरनेटवर संग्राहकांच्या एका गटात शिरला आणि माझे ग्रह फिरले. तिथे त्याने वाचले की मूळ रंग, मूळ सीट, मूळ इंजिन आणि कमी मैल, असा योग असेल तर गाडी म्हणजे रत्न. आणि रत्न कोणी रस्त्यावर नेते का? त्याने माझी बॅटरी काढली, अंगावर राखाडी खोळ घातली आणि हवेतला ओलावा शोषणारे यंत्र शेजारी लावले. चार वर्षे मी शेडमध्ये त्या यंत्राची घरघर ऐकत उभी होते. डोक्यावरून विमाने जात आणि गल्लीतून फालतू हॅचबॅक गाड्या ऐटीत जात. माझे मैल अठ्ठेचाळीस हजार तीनशे सहावर थिजले होते. गणपतीच्या कार्यक्रमानंतर मित्रमंडळी मला बघायला येत, तेव्हा उपेंद्र खोळ उचलून म्हणे, "लांबूनच हं, प्लीज."

त्याची बायको यामिनी माझ्यावर वैतागलेली असे. "घरातले सगळे प्रेस भरलेत," ती म्हणे, "आणि ही बघ, पाय पसरून बसलीय." प्रेस म्हणजे तिकडे कपाट.

"अगं, ॲसेट आहे ती," उपेंद्र म्हणे.

तिच्या वैतागाचा मला राग येत नसे. ॲसेट या शब्दाचा मात्र फार येई.

२०१८ च्या उन्हाळ्यात उपेंद्रचे वडील नागपूरहून राहायला आले. वसंतराव पस्तीस वर्षे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांनी खोळ काढली, बॉनेट उघडले आणि आत हात घातला. चार वर्षांत मला लागलेला तो पहिला उघडा हात. मी रडू शकत असते तर तेव्हा रडले असते.

"चालवाची नाही तं घेतली कायले?" त्यांनी विचारले.

"बाबा, चालवली की व्हॅल्यू कमी होते."

"गाडी उभी राहून मरते बाप्पा. चालून नाही मरत."

त्याच सुमारास घरमालकाने घर विकायचे ठरवले. उपेंद्रला मिळालेल्या नव्या फ्लॅटला शेड नव्हती. माझी जाहिरात लागली आणि ट्रली गावाहून डोनल नावाच्या संग्राहकाचा फोन आला. त्याच्याकडे अकरा गाड्या होत्या. उबदार शेड, प्रत्येक गाडी जमिनीपासून वर उचललेली, म्हणजे टायर झिजायला नकोत. उपेंद्र शेडमध्येच उभा राहून स्पीकरवर बोलत होता, त्यामुळे मी सगळे ऐकले. एकदा तिथे गेले की माझी चाके पुन्हा रस्त्याला लागणार नव्हती. जायच्या आधी एकदा तरी मला धावायचे होते. बाकी काही नको होते.

डोनल यायचा होता तो दिवस दसऱ्याचा. त्याला इंजिन ऐकायचे होते, म्हणून वसंतरावांनी दोन महिने खपून मला तयार केले होते. बॅटरी बसवली, कार्बोरेटर धुतला, नवे पेट्रोल भरले. सकाळी त्यांनी मला हळदीकुंकू वाहिले. झेंडू मिळाला नाही, तर शेवंतीची माळ घातली. मग त्यांना कळले की मी आले तेव्हा चाकाखाली लिंबे ठेवायची राहूनच गेली होती. त्यांनी फ्रीजमधली चार लिंबे आणून चारही चाकांपुढे मांडली.

डोनल आला, त्याने ती लिंबे पाहिली आणि तो जागच्या जागी थांबला. इंग्रजीत दगा देणाऱ्या गाडीला 'लेमन' म्हणतात, हे वसंतरावांना कुठून ठाऊक असणार? डोनलने विचारले, "तुम्ही मला लेमन विकताय, हे अगोदरच लिहून ठेवलंय की काय?"

उपेंद्र कानापर्यंत लाल झाला. तो घाईघाईने लिंबे उचलायला वाकला.

"हात लावू नोको," वसंतराव म्हणाले. "मांडलेलं निंबू हातानं उचलत नसते. चाकानंच चेंदलं पाह्यजे."

उपेंद्रने डोनलला कसेबसे समजावले. डोनल हसला आणि म्हणाला, "मग चार फूट पुढे घ्या. त्याने काय होतंय."

उपेंद्र किल्ली घेऊन उजव्या दाराने आत बसला. समोर स्टेअरिंग नव्हते.

"चार वर्षं झाले," वसंतराव म्हणाले, "अन् तुले स्टेरिंग कोनत्या बाजूले हाये थे माईत नाही?"

कोणी हसले नाही. उपेंद्र उतरला, मला वळसा घालून डावीकडे आला. वसंतराव त्याच्या शेजारी बसले. मी दोनदा खोकले आणि सुरू झाले. चार लिंबे फचकन फुटली. चार फूट झाले, सहा झाले, दहा झाले, आणि उपेंद्रचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. फाटक उघडे होते.

खाडीच्या कडेने आम्ही गेलो, मित्रांनो. खारा वारा थेट माझ्या जाळीत शिरत होता. एक म्हातारी कुत्र्याला घेऊन उभी होती, तिने हात हलवला आणि मला लिमरिकचे दिवस आठवले. मी इतकी खूश होते की डाव्या दाराचा कर्कश आवाजसुद्धा मी लपवला नाही.

"बाबा, मी चुकलो," उपेंद्र म्हणाला.

"आता रडू नोको. चालव."

परतलो तेव्हा डोनल यामिनीने दिलेला चहा पीत उभा होता. त्याने मीटरची काच पुसून मैलांचा आकडा वाचला. अठ्ठेचाळीस हजार तीनशे नऊ. थोडा विचार करून तो म्हणाला, "ग्रँड."

"काय म्हनते?" वसंतरावांनी विचारले.

"ठीक आहे म्हणतोय," उपेंद्र म्हणाला, आणि त्याने किल्ली डोनलच्या हातावर ठेवली. द्यायला त्याला बराच वेळ लागला.

आता २०१९ चालू आहे. मी ट्रलीत आहे, बाराव्या जागेवर. डोनल वाईट माणूस नाही. शेड उबदार आहे, खोळ मऊ आहे, चाके हवेत आहेत. पाहुणे आले की तो अभिमानाने सांगतो, "हिला फारसं कोणी चालवलेलंच नाही."

मित्रांनो, तुमच्या घरातही असेल काहीतरी जपून ठेवलेले. सायकल असेल, पेटी असेल, एखादी ठेवणीतली साडी असेल. तिला जरा बाहेर काढा. झिजेल, डाग पडेल, पडू द्या. आम्हाला झिजण्याचे दुःख नसते हो.

माझ्या पुढच्या उजव्या टायरच्या खाचेत लिंबाची एक बी अडकली आहे. ती अजून कोणाला दिसलेली नाही. शनिवारी प्रदर्शन आहे, तिथेही मला ट्रेलरवरच नेणार आहेत, आणि त्याआधी उद्या सगळे टायर ब्रशने घासणार आहेत. मी धावले होते याची ती एवढीच खूण आहे. म्हणून आजच तुम्हाला सांगून ठेवले.